नातवाच्या नावावरून खापरपणजोबा शोधताना

शके १७९५ च्या कर्जरोख्यावर एक सदाशिव त्र्यंबक आहेत. १९२१ च्या फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) त्याच गावचे, त्याच आडनावाचे सदाशिव त्र्यंबक पुन्हा भेटतात. शके १७९५ म्हणजे इ.स. १८७३. मध्ये ४८ वर्षं गेली. पंचविशीत कर्ज काढलेला माणूस त्र्याहत्तराव्या वर्षी जमिनीची वाटणी करू शकतो, म्हणून वंशावळ लिहिणारा दोघांना एकच धरतो आणि पुढे जातो. पण पुष्कळदा हे दोघं आजोबा आणि नातू निघतात. दोघांना एक केलं की मधले त्र्यंबक सदाशिव नाहीसे होतात, दोन सदाशिवांपैकी एक जातो, आणि वंशवृक्षातून चक्क दोन पिढ्या गळतात. घरोघरच्या वंशावळींत सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच.

ती होते आपल्या जुन्या रिवाजामुळे: थोरल्या नातवाला वडिलांच्या वडिलांचं नाव. आपलं लिहिण्याचं नाव 'स्वतःचं, वडिलांचं, आडनाव' असं असल्यामुळे एकाआड एक पिढीत तेच पूर्ण नाव जसंच्या तसं परत येतं. मात्र ज्या रिवाजाने घोटाळा होतो, तोच शोधाला उपयोगीही पडतो. कुठल्याही कागदावरच्या नावात दोन पिढ्या असतातच. माणूस थोरला मुलगा असेल, तर त्याचं स्वतःचं नाव तिसऱ्या पिढीकडे, म्हणजे आजोबांकडे बोट दाखवतं. 'सदाशिव त्र्यंबक' एवढंच हातात असलं तरी 'त्र्यंबक सदाशिव' हे नाव शोधायला घ्यावं, हा अंदाज बांधता येतो. अंदाजच, पुरावा नव्हे. हा भेद पक्का ठेवला तरच पुढचं सगळं कामाचं.

नावांच्या क्रमावरून पूर्वज शोधायची ही पद्धत आयर्लंडमध्ये फार वापरतात. तिथली जुनी रीत आपल्यापेक्षा सविस्तर. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला वडिलांचं, चौथ्याला थोरल्या काकाचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं, तिसरीला आईचं, चौथीला थोरल्या मावशीचं. म्हणजे चार मुलगे आणि चार मुली जन्माच्या क्रमाने लावता आल्या, तर चारही आजी-आजोबांची संभाव्य नावं समोर येतात. तिथे या युक्तीला एवढं महत्त्व आलं, कारण कागद जळाले. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दफ्तर आगीत गेलं आणि एकोणिसाव्या शतकातल्या सुरुवातीच्या जनगणनांचे तक्ते जवळजवळ सगळे नष्ट झाले. नंतरच्या काही दशकांचे तक्ते तर सरकारने त्याआधीच स्वतः नष्ट केले होते. घरनिहाय पूर्ण तक्ते आहेत ते १९०१ आणि १९११ चे. त्यामागे जायचं तर चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, १८६४ पासूनची सर्वांसाठीची जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी, आणि ग्रिफिथ यांची १८४७ ते १८६४ या काळातली जमीन-घरांची आकारणी. त्या आकारणीत कुटुंबप्रमुखाचं नाव मिळतं, मुलाबाळांचं नाही. अशा तुटक कागदांना जोडायला नावांचा क्रम धाग्यासारखा वापरतात.

आपल्या आणि त्यांच्या रीतीत एक मोठा फरक आहे. आयरिश क्रमात आईचं घराणं दुसऱ्या मुलात आणि पहिल्या मुलीत उतरतं. शिवाय कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव बहुधा लिहिलेलं असतं. आपल्याकडे दुसऱ्या मुलाला आईच्या वडिलांचं नाव ठेवायचा असा नेम नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मुलाची नावं कुलदैवतावरून, पणजोबांवरून, निपुत्रिक वारलेल्या काकांवरून येतात. त्यामुळे मराठी घरात थोरल्या मुलाचं नाव काही सांगतं, धाकट्यांची नावं फार थोडं. आयरिश तक्ता उचलून आपल्या घराला लावणाऱ्याची फसगत इथेच होते.

पद्धत जुन्या घराण्यांवर तपासून पाहणं बरं, कारण तिथे उत्तर आधीच माहीत असतं. पेशव्यांचं भट घराणं घ्या. विश्वनाथ, त्यांचे बाळाजी, त्यांचे बाजीराव, त्यांचे पुन्हा बाळाजी, म्हणजे नानासाहेब. बाजीरावांचं मूळ नाव विसाजी, आणि विसाजी म्हणजे विश्वनाथच. क्रम तंतोतंत जुळतो. बाजीराव हे नाव रूढ झालं नसतं आणि कागदोपत्री मूळ नावच चाललं असतं, तर आजोबा आणि नातू दोघंही 'बाळाजी विश्वनाथ' झाले असते आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांची चांगलीच पंचाईत झाली असती. पुढे रघुनाथरावांच्या घरी दुसरे बाजीराव, म्हणजे आजोबांचं नाव, आणि त्यांच्या धाकट्या भावाचं नाव चिमाजी, म्हणजे चुलत आजोबांचं.

पण याच घराण्यात अंदाज चुकतोही. नारायणरावांचा मुलगा १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मला, तेव्हा वडील हयात नव्हते. नियमाने नाव यायला हवं बाळाजी. ठेवलं गेलं माधवराव, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या काकांचं. 'सवाई' हे वेगळेपण सांगायला पुढे जोडलं. अकाली गेलेला कर्ता माणूस घरात असला की आजोबांचा नंबर मागे सरकतो, हे लक्षात ठेवावं. १७९६ मध्ये त्याच चिमाजींना सवाई माधवरावांच्या विधवा पत्नीच्या मांडीवर दत्तक देऊन गादीवर बसवलं, आणि रघुनाथांचे पुत्र कागदावर 'चिमणाजी माधवराव' झाले. दत्तकात मधलं नाव बदलतं. वंशावळीत एखादा मुलगा दोन बापांच्या नावाने सापडला तर आधी दत्तकपत्र शोधा, लेखनिकाला दोष नंतर द्या.

भोसल्यांकडे तीन पिढ्यांत तीन संभाजी आहेत: संभाजी शहाजी, संभाजी शिवाजी आणि संभाजी राजाराम. त्याखेरीज १६८२ मध्ये जन्मलेल्या शाहूंचं मूळ नाव शिवाजी, आणि १६९६ मध्ये जन्मलेला राजारामांचा मुलगाही शिवाजी. दोघांनाही आजोबांचं नाव. एका छपराखाली दोन चुलत भावांचं एकच नाव गैरसोयीचं, म्हणून एकत्र कुटुंबात ते बहुधा थोरल्या भावाच्या घरी जातं. घरं वेगळी असली की दोन्हीकडे तेच नाव येऊ शकतं. म्हणून भाऊबंदांत एका वयाचे, एका नावाचे दोघं दिसले तर घाबरू नये. उलट ते दोघं एकाच आजोबांचे नातू असावेत, असा तो इशारा असतो आणि आजोबांच्या नावाला दोन बाजूंनी दुजोरा मिळतो.

आता हाक मारायच्या नावांकडे. सून सासऱ्यांचं नाव तोंडाने घेत नसे. मुलाला तेच नाव ठेवलं की आई हाक काय मारणार? म्हणून नाना, आबा, अण्णा, बापू, तात्या, बाळ. घरात ज्याला फक्त टोपणनावानेच ओळखतात त्याचं पाळण्यातलं नाव आजोबांचं असण्याची शक्यता बरीच. नाना फडणवीस हे याचं नमुनेदार उदाहरण. नाव बाळाजी जनार्दन, आजोबा बाळाजी महादेव, मूळ आडनाव भानू, आणि फडणवीस हा हुद्दा. एका माणसात नातवाचं नाव, टोपणनाव आणि बदललेलं आडनाव, तिन्ही सापडतं. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, कुलकर्णी, देशपांडे, इनामदार या आडनावांच्या घरांनी आधी मूळ आडनाव आणि गोत्र विचारून घ्यावं. नाहीतर दोनशे वर्षांमागचे कागद समोर असूनही ओळखू येत नाहीत.

टोपणनाव कधी कधी खऱ्या नावाची जागाच घेतं. लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरात बाळ, जगात बळवंतराव. त्यांच्या मुलांच्या नावात वडिलांच्या जागी आहे बळवंत: रामचंद्र बळवंत, श्रीधर बळवंत. मुलांच्या कागदांवरून 'बळवंत गंगाधर' शोधत गेलेल्याला 'केशव' ही नोंद डोळ्यांसमोर असूनही परकी वाटेल. जन्मपत्रिकेत आणखी एक गुंता असतो. नाक्षत्र नाव हे जन्मनक्षत्राच्या चरणाच्या अक्षरावरून येतं आणि व्यवहारात ते कुणी वापरत नाही. पत्रिकेवरचं अनोळखी नाव म्हणजे वेगळा मुलगा, असं समजून वंशवृक्षात एक जास्तीचा भाऊ घालू नये.

एकाच नावाची रूपं तर अनेक. विश्वनाथ आणि विसाजी, अनंत आणि अंताजी, नारायण आणि नारो, रघुनाथ आणि राघो, त्र्यंबक आणि त्रिंबक, विठ्ठल, विठोबा आणि विठू. पंत, राव, जी, बा हे मागचे शब्द लिहिणाऱ्याच्या मर्जीने लागतात आणि गळतात. त्यांच्यावरून दोन माणसं वेगळी ठरवू नयेत. आयर्लंडवाल्यांना हाच जाच लॅटिनचा आहे. चर्चच्या वहीतला याकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, आणि ब्रिजिडा घरात बिडी किंवा डीलिया.

धोंडू, दगडू, भिकाजी, केरू अशी नावं दिसली की थांबावं. आधीची मुलं दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून असं नाव ठेवायचे. आजोबांचं नाव मग आधीच्या, न जगलेल्या मुलाला दिलं गेलेलं असू शकतं. म्हणजे कागदावर थोरला दिसणारा भिकाजी खरा थोरला नसतो आणि त्याच्या नावावरून आजोबा शोधणं व्यर्थ. गावच्या मृत्यूनोंदीत आधीची ५-१० वर्षं चाळून पाहावी. आयरिश घरांत याउलट, मेलेल्या मुलाचंच नाव पुढच्या मुलाला पुन्हा देत. तिथे एकाच घरात एका नावाचे दोन बाप्तिस्मे सापडले तर पहिला वारला असं धरून मृत्यूची नोंद बघतात.

बायकांच्या बाबतीत नावांची ही युक्ती जवळजवळ निकामी आहे, आणि हे मान्य करून वेगळी वाट धरलेली बरी. लग्नात वडिलांचं नाव जातं, आडनाव जातं, पुष्कळदा स्वतःचं नावही जातं. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुना, आडनाव कुर्लेकर. सासरच्या कागदांत यमुना शोधून मिळणार नाही. यावर सगळ्यात चांगला उतारा म्हणजे महालयाच्या (पितृपक्षातल्या श्राद्धाच्या) तर्पणाची यादी. तीत वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. आणि आईचे वडील, आजोबा, पणजोबा अशी नावं गोत्रासह घेतात. आईच्या घराच्या तीन पिढ्या एका चिठ्ठीवर! ही चिठ्ठी देवघराच्या खणात, पंचांगात किंवा घरच्या गुरुजींच्या वहीत असते. तिच्यातही आजीचं नाव सासरचंच असतं, हे विसरू नये. माहेरचं नाव मिळतं ते तिच्या भावाच्या घरी, म्हणजे वडिलांच्या मामांच्या कुटुंबात. म्हाताऱ्या माणसांना 'आजीचं माहेरचं नाव काय' असं थेट विचारलं तर उत्तर येत नाही. 'तिचे भाऊ तिला काय म्हणायचे' असं विचारावं.

कागद कुठे? गावाकडची जमीन असेल तर तलाठ्याकडचा आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातला फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, आणि वारसांची नोंदवही, म्हणजे ६ क. खातेदार वारला की वारसांची नावं एका ओळीत येतात. भावंडांचा संच एवढा स्वच्छ दुसरीकडे मिळत नाही. मात्र मुलींची नावं जुन्या नोंदींत अनेकदा गाळलेली असतात. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने अभिलेख आता सरकारच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर स्कॅन स्वरूपात आहेत. त्यातली 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम', 'जौजे' आणि 'भ्र.' म्हणजे अमक्याची बायको. 'तुकाजी बिन राघोजी बिन मालोजी' असं सापडलं तर नावावरून अंदाज करायची गरजच उरत नाही, तीन पिढ्या लिहूनच ठेवल्या आहेत. गावचं जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर म्हणजे नमुना १४, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. शहरात घर असेल तर सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका. भाऊबंदांपैकी कुणी जात पडताळणी केली असेल तर त्यांनी प्रतिज्ञापत्रावर दिलेली वंशावळ आणि तिच्या मागचे पुरावे आयते मिळतात. पहिला फोन तिथे करावा.

शाळेचं जनरल रजिस्टर चांगलं, पण त्यातल्या जन्मतारखांवर भावंडांचा क्रम लावू नका. असंख्य मराठी माणसं १ जूनला जन्मली आहेत, ती निसर्गामुळे नव्हे, हेडमास्तरांमुळे. आपली सगळी युक्ती 'थोरला कोण' यावर उभी असल्याने ही चूक महागात पडते. क्रम लावायचा तर कुणाची मुंज आधी, लग्न आधी, फेरफारात कुणाचं नाव आधी, यांपैकी किमान दोन खुणा जुळाव्या लागतात.

पुण्यातल्या घरांना एक अडचण जास्तीची. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या वाड्यांमधले ट्रंका भरभरून कागद गेले. अशा घरांनी गावाकडच्या शाखेचे कागद आधी बघावेत. पुणे पुराभिलेखागार, म्हणजे आपलं पेशवे दफ्तर, हा मात्र पहिला थांबा नव्हे. तिथले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) वतन, इनाम, हिशेब आणि कारभाराचे आहेत. पूर्वजाचं गाव, हुद्दा किंवा वतन आणि साधारण काळ माहीत नसताना तिथे नाव शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागद जपत आलं आहे. दोन्हीकडे मोडी आल्याशिवाय हात चालत नाही. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे नावच कुठे सुरू झालं हे कळायला सराव लागतो.

कालगणना चुकली की पिढ्या चुकतात. इ.स. काढायला शकात चैत्र ते डिसेंबर ७८ आणि जानेवारी ते फाल्गुन ७९ मिळवायचे. पेशवाईतल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६००, फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१. या दोन्हींचं वर्ष मृगाला बदलतं. सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो: 'समान सबैन मया व अलफ' म्हणजे ८, ७०, १०० आणि १००० मिळून ११७८, म्हणजे इ.स. १७७७-७८. शब्द उलटे, एककापासून सुरू होतात, हे कळलं की भीती जाते.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या क्षेत्रोपाध्यांच्या (तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांच्या) वह्यांत घराण्यातल्याच माणसांनी आपल्या हाताने वडील, आजोबा, भाऊ, मुलं यांची नावं लिहिलेली असतात. तिथे जाताना मूळ गाव, जात आणि जुनं आडनाव नेमकं हवं. सध्याचा पुण्याचा पत्ता सांगून उपयोग नाही, कारण वह्या गावावार लावलेल्या असतात.

आता सुरुवातीच्या दोन सदाशिवांकडे. ते एक की दोन, हे ठरवायला बायकोचं नाव, भावांची नावं आणि सही बघायची. बायको लक्ष्मी आणि पार्वती, भाऊ वेगळे, एकाची सही मोडी आणि दुसऱ्याची बाळबोध (देवनागरी), एवढं निघालं तर माणसं दोन असण्याकडेच पारडं झुकतं; दुसरं लग्न तेवढं तपासून घ्यायचं. मग मधल्या त्र्यंबक सदाशिवांचं नाव पेन्सिलीने लिहायचं, पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं, आणि १८७३ ते १९२१ या काळातला त्यांचा एक स्वतंत्र कागद शोधायचा. तो मिळाला की शाई. थोरल्या सदाशिवांचे वडील त्र्यंबक तर रोख्यावरच लिहिलेले आहेत. त्यांच्या वडिलांचं नाव पुन्हा सदाशिव असेल, असा मोह आता होईल. तो कर्जरोखा काढणारे सदाशिव थोरले होते की धाकटे, हे कळेपर्यंत ती जागा कोरी राहू द्यावी.